विचारणारी गावची, पडताळणारा परका

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एक आकडा सांगतो. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाची होण्याआधीच दगावत. १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आलं आणि १९९३ साली १९ वर. ही घट कशी झाली यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. १७६ हा आकडा मुळात मिळाला कसा, यावर मात्र फारसं कुणी थांबत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. म्हणजे त्या वेळी त्याची शाई पुरती वाळलेली नव्हती. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून व्हायचं. बारशापूर्वीच गेलेल्या बाळाची नोंद चावडीवर होण्याचं काही कारणच नव्हतं. अशा तालुक्यात बालमृत्यूचा आकडा कोणत्याही दप्तरात नसतो. तो दारोदार जाऊन, बाईला विचारून काढावा लागतो. मग कोण विचारतं, कसं विचारतं आणि सांगितलेल्याचं पुढं काय होतं, यावर तो आकडा १७६ निघेल की ९० हे ठरतं. जामखेडच्या प्रयोगाचा हा भाग वैद्यकीय भागाइतकाच महत्त्वाचा आहे आणि सर्वेक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, असं माझं मत आहे. प्रश्नावलीची कसोटी कागदावर लागत नाही. उत्तर देणाऱ्याला खरं सांगण्यात काही हशील दिसतं का, तिथं ती लागते. आणि तेवढंही पुरत नाही, हेही जामखेडच्याच इतिहासावरून दाखवता येतं.

या मुलखाला प्रश्नांची सवय जुनी आहे. पेशवाईत खानेसुमारी होत असे: गावात घरं किती, कोणत्या जातीची, कर कुणाकडून किती यायचा. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाची व्यवस्था लावताना आपल्या अधिकाऱ्यांकडे प्रश्न पाठवले. अहमदनगरला पॉटिंजर होता, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्याला ग्रँट. पंचायत कशी चालते, वतनं कुणाची, सारा कसा ठरतो, अशा प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर १८१९ चा प्रसिद्ध अहवाल उभा राहिला. त्यानंतर विल्यम साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची त्याची आकडेवारी पुढं इंग्लंडात छापली गेली, आणि १८३४ साली लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत हाच साइक्स होता. दख्खनच्या पाटील-कुलकर्ण्यांना विचारून माणूस सांख्यिकीचा जाणकार झाला, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. पण या सगळ्या विचारपुशीत उत्तराला किंमत होती आणि ती उत्तर देणाऱ्याला मोजावी लागायची. जमीन किती पिकते असं सरकारने विचारलं की उत्तर साऱ्याकडे डोळा ठेवून द्यायचं, हे शहाणपण प्रत्येक कुणब्याकडे होतं. त्याला खोटेपणा म्हणणं अन्याय आहे. विचारणाऱ्याचा हेतू त्याने बरोबर ओळखलेला होता.

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि सरकारला शेतकऱ्याचं कर्ज मोजावं लागलं. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने दाखवलं की सरकारी जमिनीचे सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले आहेत आणि त्यांचं सरासरी कर्ज साऱ्याच्या अठरापटीच्या घरात आहे. हा आकडा निदान काही अंशी विश्वसनीय मानला गेला, कारण एकदा तरी खरं सांगण्यात कर्जदाराचा फायदा होता. पण त्याच कारणाने तो फुगलेलाही असू शकतो. सावकाराला विचारलं तर आकडा वेगळा, कर्जदाराला विचारलं तर वेगळा आणि खतपत्रावर तिसराच. पुढं १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपुरवठा पाहणीने देशभरातल्या ७५ जिल्ह्यांत हाच प्रश्न विचारला. पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून जेमतेम तीन टक्के येतं, हा तिचा निष्कर्ष सहकाराचं धोरण ठरवणारा ठरला.

मधल्या काळात पुण्यात या विद्येची एक देशी शाळा तयार झाली होती. शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर आणि नंतर कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुक या गावांचा घराघरांतून अभ्यास केला. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत तर पाहणी हे रोजचं काम झालं. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांची नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा जिल्ह्यांची पाहणी १९५५ साली. या पाहण्यांचं एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगं आहे. पश्चिमेत प्रश्नावली टपालाने घरी पाठवून भरून मागवता येत असे. आपल्याकडे कागद अन्वेषकाच्या हातात असायचा. तो विचारणार, तोच लिहिणार. त्यामुळे छापलेला प्रश्न आणि विचारलेला प्रश्न यांच्यात नेहमीच एक माणूस उभा असे. त्याचा पोशाख, त्याची जात, तो पुरुष आहे की बाई, गावात कुणाच्या ओसरीवर तो उतरला आहे, हे सगळं प्रश्नाचाच भाग होऊन जात असे. प्रश्नावलीची पूर्वचाचणी घ्यायची म्हणजे कागदाची घ्यायची की या माणसाची, हा प्रश्न तिथंच जन्मला होता. फक्त त्याला नाव मिळालेलं नव्हतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली हा प्रकल्प सुरू करायला जामखेडला आले तेव्हा त्यांच्याकडे वैद्यकीची आणि पाहणीची अशी दोन्ही तऱ्हेची शिदोरी होती. दोघंही वेल्लोरला शिकलेले, वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं काम केलेले आणि नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्य शिकलेले. टेलर यांचा पंजाबातला नारंगवाल प्रकल्प तेव्हा घरोघरच्या बारकाईच्या नोंदींसाठी जगभर गाजत होता. म्हणजे पाहणी कशी करावी हे आरोळ्यांना ठाऊक होतं. जामखेड मात्र पुस्तकाप्रमाणे वागणारं गाव नव्हतं. बालाघाटाच्या पायथ्याचा, बीड आणि धाराशिवला लागून असलेला हा कोरडा तालुका. १७९५ च्या लढाईमुळे खर्ड्याचं नाव इतिहासात आहे, अहिल्याबाईंच्या जन्मामुळे चौंडीचं. पण १९७० साली इथं पाणी, डॉक्टर आणि रस्ता यांतलं काहीच धड नव्हतं. गावच्या पुढाऱ्यांनी दिलेल्या जुन्या जनावरांच्या दवाखान्यात काम सुरू झालं. वर्ष-दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ उभा राहिला. सुरुवातीची कल्पना अशी होती की शिकलेल्या परिचारिका गावात राहतील, आरोग्य पाहतील, नोंदी ठेवतील. ते जमलं नाही. शहराकडून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला गावाने आपलं मानलं नाही, आणि जिला आपलं मानत नाहीत तिला घरातली दुखणी कोण सांगणार? तेव्हा गावानेच निवडलेली, बहुधा मध्यमवयीन, बऱ्याचदा निरक्षर बाई ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार करायची, असं ठरलं. या सेविकांत दलित स्त्रिया लक्षणीय संख्येने होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, गावात घडलेलं सांगत आणि परत जात. प्रकल्पाचं फिरतं पथक गावात जाऊन तिचं काम पाहत असे.

सर्वेक्षणाच्या दृष्टीने इथं काय बदललं? कुणाच्या घरी दिवस गेले आहेत, कुणाचं बाळ हगवणीने सुकलं आहे, कोण बाळंतपणाला माहेरी गेली आहे, हे या बाईला विचारावं लागतच नव्हतं. ती त्याच गल्लीत राहत होती. जे विचारावं लागे त्याचा उपयोग विचारल्याबरोबर दिसे. बाळ वजनाला हलकं निघालं तर त्याला काय खायला द्यायचं ते ती लगेच सांगे. ज्या प्रश्नानंतर काहीतरी मिळतं त्या प्रश्नाला उत्तर टाळण्याचं कारण राहत नाही. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं स्थापन झाली आणि मोजणीचे आकडे गावातच बोलले जाऊ लागले. साइक्सच्या काळापासून जी माहिती गावातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला आणि तिथून लंडनला जायची, तिने इथं पहिल्यांदाच गावातच मुक्काम केला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली लोकांच्या हातून घडणाऱ्या आरोग्यावर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर आरोळ्यांचं प्रकरण आहे. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कारही त्यांना समाजनेतृत्वासाठी मिळाला. या कौतुकात मोजणीचा हा भाग मात्र झाकून गेला.

यावर सांख्यिकीच्या माणसाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. विश्वास, आपुलकी हे ठीक. पण चूक विश्वासाने दुरुस्त होत नाही, तंत्राने होते. हा आक्षेप हलका नाही. जामखेडमध्ये बाईला लेकरं किती असं मोघम विचारलं तर उत्तरात नांदायला गेलेल्या मुली गळतात, मेलेली बाळं तर हटकून गळतात. म्हणून लोकसंख्याशास्त्रात प्रश्नाचे तुकडे केले गेले: तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती, दुसरीकडे राहणारे किती, जन्मून नंतर गेलेले किती, आणि ‘कुणी नाही’ असं उत्तर आलं तरी पुन्हा विचारायचं, एखादं बाळ जन्मून रडलं आणि मग गेलं का? १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत अशीच मांडणी आहे, आणि एकट्या शेवटच्या प्रश्नाने कितीतरी मृत्यू उजेडात येतात. वयाचंही तसंच. ज्या बाईला आपलं जन्मसाल ठाऊक नाही ती तीस, पस्तीस, चाळीस असे गोल आकडे सांगते. तिथं दुष्काळ आठवून मोजावं लागतं: बहात्तर साली तुझं लग्न झालं होतं का, पहिलं लेकरू मांडीवर होतं का? घर म्हणजे काय हेही आधी ठरवावं लागतं. भाऊ एका वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या, तर कुटुंबं दोन. आणि जामखेड, पाथर्डी, शेजारचा बीड जिल्हा या पट्ट्यात दिवाळीनंतर गेलात तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. तिथं मुकादम नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतो. पाहणीच्या कागदावर मात्र कुटुंबप्रमुख एकच आणि तो पुरुष. जानेवारीत केलेली पाहणी आणि जूनमध्ये केलेली पाहणी एकाच गावाची दोन वेगळी गावं दाखवते. या चुका कुणाच्याही अविश्वासामुळे होत नाहीत. त्यांना मांडणीच हवी.

राष्ट्रीय नमुना पाहणीचा इतिहास तर या आक्षेपाचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० साली ती सुरू झाली. गेल्या आठवड्यात किती खर्च केला असं विचारलं की गेल्या महिन्याच्या हिशेबापेक्षा अन्नावरचा खर्च जास्त निघतो, हे पन्नासच्या दशकातच कळून चुकलं होतं. तरीही १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत एकाच कुटुंबाला दोन्ही मुदतींचे प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले. एका उत्तराने दुसऱ्याला ओढून घेतलं आणि देशात गरिबी किती कमी झाली यावर अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत बसले. तिथं अन्वेषक परका होता की ओळखीचा, याने काही फरक पडला नसता. म्हणून मी म्हणतो ते इतकंच: तंत्राने विसर आवरता येतो, लपवाछपवी आवरता येत नाही. बाई बाळाचा मृत्यू विसरत नाही. तो परक्याला सांगावासा वाटत नाही, एवढंच. त्या जागी तुकडे पाडलेला प्रश्न अर्ध्या वाटेपर्यंत नेतो आणि उरलेली वाट विचारणारीला चालावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. सेविका प्रकल्पाची, आकडा प्रकल्पाचा आणि त्या आकड्यावर प्रकल्पाचं नाव अवलंबून. आपल्याच कामाचं मूल्यमापन आपणच केलं तर १७६ चे १९ होणारच. शिवाय ती गावची आहे म्हणजे गावच्या भिंतीही तिच्यासोबत आल्या. दलित सेविकेला सुरुवातीला कोणत्या उंबरठ्याच्या आत घेतलं जात होतं आणि कोणत्या नाही, यावर कोणत्या घरचं दुखणं नोंदवलं जाईल हेही ठरत होतं. आत येऊ न दिलेल्या घरात सगळं आलबेल होतं असं धरून चालणं सोपं असतं. यातलं बरंचसं मला मान्य आहे. आकडा जवळून पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. १९९३ चा १९ हा आकडा तीन वर्षांनी २६ झाला. प्रकल्प बिघडला असा त्याचा अर्थ नव्हे. हजार जन्मांमागे सात मृत्यूंचा तो फरक आहे, आणि मर्यादित वस्तीच्या गावगटांत एक वाईट पावसाळा एवढा फरक पाडू शकतो. पण जो हे मान्य करतो त्याला १९ हा आकडा विजयपताकेसारखा मिरवताही येत नाही. खालच्या टोकाचा चढ-उतार योगायोग ठरवायचा आणि त्याच टोकाची घट कर्तृत्व, असं दुटप्पी वाचन चालणार नाही.

या आक्षेपाला खरं उत्तर २०१० साली मिळालं. व्हेरा मान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रकल्पातली गावं आणि त्याच परिसरातली प्रकल्पाबाहेरची गावं अशी तुलना केली आणि प्रकल्पाच्या वह्या बाजूला ठेवून बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा मागचा इतिहास विचारला. निष्कर्ष असा, की प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. हा आकडा १७६ वरून १९ इतका झगमगीत नाही. कारण उघड आहे. त्याच काळात शेजारच्या गावांतही रस्ते आले, लसी आल्या, विहिरी झाल्या. तिथलेही मृत्यू घटले. प्रकल्पाच्या आकड्यातली बरीचशी घट काळाने केलेली होती आणि उरलेली प्रकल्पाने. पण ३० टक्के हा काही छोटा फरक नाही, आणि तो प्रकल्पाशी देणंघेणं नसलेल्या पाहणीतून निघाला म्हणून त्याला वजन आहे. गावच्या बाईने ठेवलेल्या नोंदींमुळे गावाला काय करायचं ते कळलं. परक्याने विचारलेल्या प्रश्नांमुळे ते कितपत झालं हे जगाला कळलं. एकाचं काम दुसऱ्याला करता आलं नसतं.

या दुहेरी व्यवस्थेला गणिताचा आधारही आहे आणि तो भारतातच तयार झाला. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या नोंदींवरून एक पद्धत मांडली. समजा, गावच्या नोंदवहीत ४० जन्म आहेत, बाहेरून आलेल्या पाहणीत ३६ सापडले आणि ३२ दोन्हींकडे आहेत. म्हणजे बाहेरच्याला सापडलेल्या ३६ पैकी ३२ गावच्या वहीत होते. तेव्हा वही दर नवांतले आठ जन्म पकडते. मग खरे जन्म ४० नसून ४५ असावेत. दोघांनाही न सापडलेला एक जन्म असा हिशेबाने हाती लागतो. भारताची नमुना नोंदणी पद्धत साठच्या दशकात उभी राहिली ती याच तत्त्वाच्या धर्तीवर: गावातला अर्धवेळ नोंद ठेवणारा, बहुधा शिक्षक किंवा पुढच्या काळात अंगणवाडी सेविका, आणि सहा महिन्यांनी येणारा स्वतंत्र पर्यवेक्षक, मग दोन्ही याद्या जुळवायच्या आणि न जुळलेल्या नोंदींसाठी पुन्हा त्या घरी जायचं. देशाचा बालमृत्यूदर आजही इथूनच येतो. जामखेडने हे गणित मांडून काम केलं असं मी म्हणत नाही. पण सेविका, फिरतं पथक आणि चाळीस वर्षांनी आलेले परके अभ्यासक यांच्याकडून मिळून जे झालं त्याची घडण हीच आहे.

या गणिताला मात्र एक अट आहे: दोन नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. जी गोष्ट घर दोघींपासूनही लपवतं ती या हिशेबात कधीच येत नाही. कुष्ठरोग तसा होता. स्त्रियांची दुखणी तशीच होती, आणि याचा सगळ्यात बोलका पुरावा गडचिरोलीचा. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला. विचारल्यावर ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया आठ टक्के होत्या. इथं प्रश्न चांगला, विचारणारी ओळखीची, विश्वास भरपूर. तरी बराचसा आजार उत्तरात येत नाही, कारण बाईला तो आजार आहे असंच वाटत नाही. तिच्या लेखी ते बाईपण असतं. पाहणीच्या मर्यादेचा हा खरा तळ आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ साली गाजल्या, सरकारने समिती नेमली आणि ८० हजारांहून जास्त बायकांना विचारलं. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. ही माहिती कुणी लपवली नव्हती. तोवरच्या कोणत्याच कागदात ऊस तोडणाऱ्या बाईसाठी तो रकाना नव्हता.

जामखेडच्या सेविकेची सरकारी वारसदार म्हणजे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातली आशा सेविका. ती गावची आहे, घरोघर जाते आणि विचारते. तिच्याकडे मोबाईलही आहे, आणि दर वर्षी कुठली ना कुठली नवी पाहणी तिच्या गळ्यात पडते. फरक तिच्या मोबदल्याच्या रचनेत आहे. तिला बऱ्याचशा कामांचे पैसे कामागणिक मिळतात: दवाखान्यातली प्रसूती, लसीकरण, घरभेट. ज्या नोंदीवर पैसे आहेत ती नोंद भरली जाते. ज्या बाळाच्या मृत्यूची नोंद केली की तालुक्याहून चौकशी येते, ती नोंद करताना हात आखडतो. तिचा दोष काढण्याचं कारण नाही. साऱ्याकडे डोळा ठेवून उत्तर देणाऱ्या कुणब्यासारखंच तिनेही विचारणाऱ्याचा हेतू ओळखलेला असतो. तिचा कागद गावात वाचला जात नाही, वर जातो. आणि तिच्या नोंदीशेजारी ठेवून पाहायला बहुतेक गावांत दुसरी स्वतंत्र पाहणी नाही. नमुना नोंदणीच्या निवडक गावांत ती आहे, त्याच्या बाहेर नाही. जिल्ह्याचे आकडे या नोंदींवरून बांधले जात असतील, तर ते जुळवून पाहण्यासाठी काही गावांत सहा महिन्यांनी एक परका माणूस पाठवणं फार खर्चाचं नाही. सिंगूरचं गणित पाऊणशे वर्षांपूर्वीचं आहे आणि जामखेडचा अनुभव अर्धशतकाचा.